डॉक्टरीणबाईंनी निवडलेली धून

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात चौसष्ट मशिनं होती आणि चौसष्टच्या चौसष्ट मशिनांची नाडी एकाच बाईंच्या हातात होती. हातात म्हणण्यापेक्षा दातात म्हणायला हवं. एखादं मशिन कुरकुरायला लागलं की या बाई एप्रनच्या खिशातून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढायच्या, त्याचं टोक मशिनच्या अंगावर टेकवायच्या, लाकडी मूठ दातांत धरायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. नव्याने कामाला लागलेल्या बायकांना पहिल्या दिवशी वाटायचं की यांचं डोकं फिरलेलं दिसतंय. पण लोखंडातून थरथर चढत दातांत यायची, दातांतून जबड्यात आणि जबड्यातून कुठे जायची ते बाईंनाही नीट सांगता यायचं नाही, पण मशिनच्या पोटात काय चाललंय ते त्यांना कळायचं. अर्ध्या मिनिटात त्या मूठ रुमालाला पुसायच्या आणि निकाल द्यायच्या. निकाल दोनच. "बंद कर" म्हणाल्या की आतला एखादा भाग कामातून गेलेला असायचा. "चालू दे" म्हणाल्या की शिवणारीने बिनघोर पाय पेडलवर ठेवावा. निकाल चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ज्यांना आठवत असेल त्या निवृत्त होऊन गेल्या होत्या. सगळा कारखाना त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायचा आणि आपणही तेच म्हणू.

तर या डॉक्टरीणबाईंना चार वर्षांपासून कमी ऐकू येत होतं आणि ही गोष्ट त्यांनी एका माणसालाही कळू दिली नव्हती.

चार वर्षं असली गोष्ट लपवणं म्हणजे खायचं काम नाही. डॉक्टरीणबाईंनी त्याचं तंत्र बसवलं होतं. समोरचा बोलत असला की त्याच्या ओठांकडे बघायचं. कळलं नाही तर हसायचं. समोरचा हसत नसला तर आपलं हसू गिळून "बघू या" म्हणायचं. "बघू या" हे उत्तर जगातल्या शंभरातल्या ऐंशी प्रश्नांना चालतं, हा त्यांचा अनुभव होता. फोन आला की "हातात काम आहे, लिहून पाठव" म्हणायचं. गंमत म्हणजे कारखान्यात फारसं अडायचंच नाही. चौसष्ट मशिनांच्या खडखडाटात बाकीच्यांना एकमेकींचं ऐकू यायचं नाही, डॉक्टरीणबाईंना मात्र ठणठणीत ऐकू यायचं. घरी, पाल चुकचुकली तरी इतरांना कळेल अशा शांततेत, त्यांना माणसं काचेपलीकडून बोलल्यासारखी वाटायची. हे असं उलटं कसं, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं, आणि न सुटलेलं कोडं कुणाला सांगून हसं कोण करून घेणार?

नवऱ्याला तरी कळायला हवं होतं. पण नवरा आयुष्यभर बसमध्ये कंडक्टर. मागच्या दारातल्या माणसाला ऐकू जाईल असंच बोलायची सवय, निवृत्त झाला तरी सुटली नव्हती. मीठ मागायचा तरी पुढचा थांबा पुकारल्यासारखा. त्याचं बोलणं डॉक्टरीणबाईंना नीट ऐकू यायचं, त्यामुळे त्याला शंका यायचं कारण नव्हतं. आणि कधी बायकोने उत्तर दिलं नाहीच, तर त्यात त्याला काही नवीन वाटायचं नाही.

लपवण्यामागे निव्वळ हट्ट नव्हता. डॉक्टरीणबाईंची आई अशीच झाली होती. चाळिशी ओलांडल्यावर हळूहळू ऐकू येईनासं झालं. घरच्यांनी आधी ओरडून बघितलं, मग हातवारे केले, मग कंटाळले. शेवटच्या दहा वर्षांत तिच्यासमोर बसून लोक तिच्याबद्दलच बोलायचे. ही कुठे ठेवायची, हिचं कुणी करायचं. ती मध्ये बसून सगळ्यांच्या तोंडाकडे बघत हसायची. ते हसू डॉक्टरीणबाईंना अलीकडे स्वतःच्या ओठांवर जाणवायला लागलं होतं आणि त्याची त्यांना मनापासून भीती वाटत होती.

अशात लेकीचं लग्न ठरलं.

लेक दातांच्या दवाखान्यात कामाला होती, वेगळी राहत होती, दर रविवारी यायची. मुलगा तिचा तिनेच बघितला होता, चांगला होता, त्यावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. लग्न साधंच करायचं होतं. एक छोटं सभागृह, पुढे टेबल, टेबलावर सह्या करायचं पुस्तक, दोन्हीकडची मिळून सव्वाशे माणसं. फक्त एक हौस लेकीने धरली होती. ती दारातून आत येईल आणि चालत टेबलापर्यंत जाईल तेवढा वेळ एक धून वाजायला हवी. तीही जिवंत, माणसाने वाजवलेली. तिच्या दवाखान्यात कवळी करायला आलेल्या एका बाई चेलो वाजवायच्या. चेलो म्हणजे ते माणसाच्या छातीएवढं, गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं लाकडी वाद्य. त्या बाई तयार झाल्या होत्या.

"त्यांनी पाच धुना रेकॉर्ड करून पाठवल्यात," लेक म्हणाली. ती समोर बसून सावकाश बोलत होती म्हणून डॉक्टरीणबाईंना कळलं. "तुझ्या फोनवर टाकते. कुठली वाजवायची ते तू ठरव."

"मी? मला काय कळतं त्यातलं? बाबांना विचार."

"बाबा म्हणतील, जोरात असेल ती घ्या. तूच ठरव, आई. लहानपणी तू मला स्क्रू-ड्रायव्हर धरायला देऊन विचारायचीस, सांग, हे मशिन खुश आहे की नाही. मला दुसऱ्या कुणी निवडलेलं नकोय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघू या."

पुढचा आठवडा त्यांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. घरात कुणी नसताना फोन कानाला इतका दाबून धरला की कानाची पाळी लाल झाली. आतून शेजारच्या इमारतीत कुणी झाडू मारतंय एवढंच काहीतरी आलं. फोनच्या काचेवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ दातांत धरली, तर डब्यात चार खिळे हलवल्यासारखी किरकिर आली, आणि तेवढ्यात नवरा जिना चढताना दिसला म्हणून त्यांनी सगळा सरंजाम आवरला. ऐकून काही कळत नाही म्हटल्यावर त्यांनी मेकॅनिक लोक करतात तेच केलं, मापं घेतली. कामावरून येता येता सभागृहात जाऊन दारापासून टेबलापर्यंत पावलं मोजली. एकतीस. नवीन चपलांतली मुलगी, सावकाश चालणार, म्हणजे दीड मिनिट धरा. त्यात आपला नवरा हमखास रडणार, त्याला एक मिनिट. नाक पुसायला दहा सेकंद. एकूण दोन मिनिटं चाळीस सेकंद. मग फोनवर पाचही धुनांची लांबी बघितली. चौथी बरोब्बर दोन मिनिटं चाळीस सेकंदांची होती. डॉक्टरीणबाईंना वाटलं, सुटले.

रविवारी लेक आली. नवरा भाजी आणायला गेला होता.

"चौथी," डॉक्टरीणबाईंनी ती बसायच्या आतच सांगून टाकलं.

लेक हसली. मग आईच्या चेहऱ्याकडे बघून हसायची थांबली. "चौथी? नक्की?"

"नक्की. दोनतीनदा ऐकली. एकदम साजेशी."

"काय आवडलं तिच्यातलं?"

आता आली का पंचाईत. पण डॉक्टरीणबाई मागे हटणाऱ्या नव्हत्या. "सुरुवात शांत आहे. मग हळूहळू चढत जाते. शेवटी अगदी आतून येते."

लेकीने खुर्ची ओढली, आईच्या अगदी समोर आणली आणि तिचे दोन्ही हात धरले.

"आई, चौथीत धून नाहीये. बाईंचा फोन चुकून चालूच राहिला होता. त्यात त्या नळवाल्याशी भांडतायत. आधी शांतपणे सांगतात की नळ गळतोय. मग आवाज चढत जातो. शेवटी अगदी आतून ओरडतात. मी म्हटलं, तू चार नंबर उघडलास की हसशील, म्हणून काढलं नाही."

डॉक्टरीणबाईंना सवयीने हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. लेकीने धरलेले हात त्यांना सोडवून घ्यायचे होते, पण ती सोडत नव्हती.

"कधीपासून?" लेकीने विचारलं. आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. आणि डॉक्टरीणबाईंनी उत्तर देऊन टाकलं.

"चार वर्षं."

ते दोन शब्द तोंडातून गेले आणि त्यांना रडू कोसळलं. पण गंमत अशी की रडतानाही त्यांना हलकं वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या ओठांकडे डोळे ताणून बघायची गरज नव्हती. डोळे मिटून रडता येत होतं, आणि त्यांनी ते पोटभर करून घेतलं.

नवरा भाजीची पिशवी घेऊन आला. त्याला सगळं सांगितलं. तो पिशवी हातात धरूनच उभा राहिला.

"चार वर्षं?" तो पुढचा थांबा पुकारावा तसा म्हणाला. "अगं, मग मला का नाही सांगितलंस? मला वाटायचं, तू माझं ऐकत नाहीस."

"ते नाहीच ऐकत," डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ऐकू येतं, तरी."

नवऱ्याने पिशवी खाली ठेवली आणि संध्याकाळपर्यंत तो नेहमीपेक्षाही मोठ्याने बोलत राहिला. शेवटी लेकीने त्याला गच्चीत पाठवलं.

लेकीच्या दवाखान्याच्या वरच्याच मजल्यावर कानाचे डॉक्टर बसायचे. मंगळवारी ती आईला घेऊन गेली. डॉक्टर तरुण होता, आपल्या लेकीच्याच वयाचा. जिन्यात डॉक्टरीणबाईंचे पाय जड झाले होते. आता हा सांगणार, झिजलं सगळं, वय झालं, सवय करून घ्या.

डॉक्टरने एक दोन पायांचा पोलादी चिमटा गुडघ्यावर आपटला आणि कानाजवळ धरला. "ऐकू येतं?"

"जवळजवळ नाही."

मग त्याने चिमट्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. डॉक्टरीणबाई दचकल्या. घंटा डोक्यातच वाजत होती.

"हे मी रोज करते," त्या म्हणाल्या.

"काय करता?"

त्यांनी एप्रनमधून आणलेला स्क्रू-ड्रायव्हर काढून दाखवला. डॉक्टर आधी बघत राहिला, मग त्याने खुर्ची पुढे ओढली. "गोंगाटात जास्त बरं ऐकू येतं का तुम्हाला?"

इतकी वर्षं छळणारं ते कोडं या पोराने आपणहून विचारलं होतं. डॉक्टरीणबाईंनी नुसती मान हलवली.

"गोंगाटात बाकीचे ओरडून बोलतात. आणि तो गोंगाट तुम्हाला त्यांच्याइतका त्रास देत नाही," डॉक्टर म्हणाला. त्यांचं ओठांकडे बघणं ओळखून तो सावकाश, समोर तोंड ठेवून बोलत होता. त्याने कानाचं चित्र काढलं. आत तीन हाडं. शेवटचं सगळ्यात लहान, तांदळाच्या दाण्याहूनही लहान. पडदा हलला की ते हलायला हवं. "तुमचं ते हलत नाहीये. बाजूने हाड वाढून घट्ट बसलंय."

डॉक्टरीणबाईंनी चित्राकडे निरखून बघितलं. "म्हणजे जाम झालंय."

"हो. जाम झालंय."

"झिजलेलं नाही?"

"नाही. त्याच्या आतलं सगळं उत्तम चाललंय. म्हणून तर दातांतून ऐकू येतं."

"मग तो भाग बदलता येतो?"

"येतो. छोटं ऑपरेशन आहे. लग्न होऊन जाऊ द्या, पुढच्या महिन्यात आधी एक कान करू." मग त्याने विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं?"

डॉक्टरीणबाईंचा जीव नुकताच भांड्यात पडला होता, तो पुन्हा वर आला. आईचंही नुसतं जामच झालेलं असणार. कुणी झाकण उघडून बघितलंच नाही. दहा वर्षं ती हसत बसली आणि आत सगळं उत्तम चाललं होतं. त्या म्हणाल्या, "आईला." लेकीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

जिना उतरताना मात्र पाय हलके होते. खालच्या पायरीवर त्या थांबल्या.

"ती धून राहिली की."

"राहू दे आई, बाई ठरवतील."

"का म्हणून? मला सांगितलंयस ना? चल त्यांच्याकडे."

चेलोवाल्या बाई तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायच्या. खोलीत एक पलंग, कागदांचा ढीग, आणि खिडकीपाशी ते भलंमोठं तपकिरी वाद्य. मोरीतला नळ अजून ठिबकत होता. डॉक्टरीणबाईंनी आत शिरल्या शिरल्या आपलं दुखणं सांगून टाकलं. इतकं सोपं जातं हे माहीत असतं तर आधीच सांगितलं असतं, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी खिशात हात घातला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "लोखंड नाही लावायचं हं याला. माझ्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठं आहे ते." त्यांनी कागदांच्या ढिगातून एक लाकडी फूटपट्टी काढली, पदरासारखा गळ्यात टाकलेला रुमाल घेऊन पुसली आणि दिली. "हिचं टोक इथे खांद्यापाशी टेकवा. जोर देऊ नका."

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. पट्टीचं एक टोक वाद्याला, दुसरं दातांत. दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या लेकीने तोंड वाकडं केलं. बाईंनी गज लावला.

पहिल्या धुनेला डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. पट्टी काढून म्हणाल्या, "छान आहे, पण घाईत आहे. पट्टा सैल असला की मोटर अशी पळते."

बाईंना हसू आलं. त्यांनी दुसरी सुरू केली.

ती खालच्या जाड तारेवरून निघाली. दातांतून जबड्यात उतरली, गालाच्या हाडांत पसरली, कपाळात गेली. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले. चार वर्षांत दातांतून त्यांच्यापर्यंत आवाज आले होते ते सगळे बिघाडाचे. बेअरिंगची घरघर, सुईचा ठोका, दाते तुटलेल्या चाकाची खरखर. ज्यात काहीच बिघडलेलं नाही असा आवाज त्या विसरूनच गेल्या होत्या. धून एकेक पायरी वर जात होती, थांबत होती, मागचीला सोबत घेऊन पुढे जात होती. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पट्टीवरून ओघळलं, आणि बाईंनी वाद्य भिजू नये म्हणून अंग किंचित मागे घेतलं, पण गज थांबवला नाही.

"हीच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक टाका सुटत नाही हिचा. पुन्हा वाजवता?"

"तपासायला?"

"नाही. उगाच. ऐकायला."

निघताना बाईंनी पट्टी त्यांच्याकडेच ठेवायला सांगितली. लग्नात चेलोशेजारची खुर्ची तुमची, म्हणाल्या.

लग्नाच्या दिवशी डॉक्टरीणबाई त्या खुर्चीवर बसल्या होत्या. पट्टी पर्समध्ये होती आणि पर्समधून ती काढायची नाही असं त्यांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं. समोर सव्वाशे माणसं. दोन रांगा नुसत्या कारखान्यातल्या बायकांच्या. जावयाकडची मंडळी ठेवणीतले कपडे घालून आलेली. त्यांच्यासमोर विहीणबाईंनी तोंडात फूटपट्टी धरून बसायचं म्हणजे पोरीचा संसार सुरू व्हायच्या आत चर्चा सुरू. धून आपण दोनदा ऐकली आहे, आठवून घेऊ, असं त्यांनी मनाला सांगितलं होतं.

दार उघडलं. दारात लेक उभी राहिली. सगळे उठले. शेजारी बाईंचा गज हलला, पण डॉक्टरीणबाईंपर्यंत काही आलं नाही. नुसता हात इकडून तिकडे जाताना दिसत होता. त्यांनी चेहऱ्यावर हसू आणलं.

लेक जागची हलली नाही.

धून पहिल्या ओळीच्या शेवटाला गेली तरी ती दारातच. माणसं मागे वळून बघायला लागली. डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याने "काय झालं?" असं विचारलं, म्हणजे ते सगळ्या सभागृहाने ऐकलं. लेक आईच्या त्या हसण्याकडे बघत होती. बाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि पहिली ओळ पुन्हा सुरुवातीपासून घेतली.

डॉक्टरीणबाईंनी पर्स उघडली. पट्टी काढली, रुमालाला पुसली, एक टोक चेलोच्या खांद्यावर टेकवलं आणि दुसरं दातांत धरलं.

धून आली. जबड्यातून, गालांतून, कपाळातून. आणि लेकीने पहिलं पाऊल टाकलं.

जावयाकडच्या कुणीतरी कारखान्यातल्या बाईला हळूच विचारलं, "त्या काय करतायत?" तिने मान न वळवता सांगितलं, "तपासतायत." जणू प्रत्येक लग्नात हे असतंच.

एकतीस पावलं. डॉक्टरीणबाईंनी या वेळी ती मोजली नाहीत. त्यांचा नवरा ठरल्याप्रमाणे रडला आणि त्याला दिलेलं एक मिनिट कमी पडलं. लेक टेबलापाशी पोहोचली, तिथे न थांबता दोन पावलं आणखी पुढे आली आणि आईसमोर उभी राहिली. तिने भुवया उंचावल्या. लहानपणी स्क्रू-ड्रायव्हर धरून निकालाची वाट बघायची तेव्हाही ती अशीच बघायची.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी दातांतून काढली.

"चालू दे," त्या म्हणाल्या.